समोर काढलेली कॉफी

जुलैमधली सकाळ, सात वाजून दहा मिनिटं झालेत, राजारामपुरीतल्या एका गल्लीत शटर निम्मं वर गेलंय, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय आणि आत आमचा कॉफीवाला वजनकाट्यावर बिया मोजतोय. १८.३ ग्रॅम आलं. दोन बिया उचलल्या, १८.१. आणखी एक उचलली, बरोबर १८. मी रेनकोट झटकत दारातच उभा. तो वर न बघता म्हणाला, "दोन मिनिटं थांबा हं दादा, आज हवेत ओल लई हाय, ग्राइंडर सरकवायला लागतोय." पहिला शॉट काढला, म्हणजे मशीनच्या दाबानं निघणारी घोटभर घट्ट एस्प्रेसो कॉफी, ३६ सेकंद लागले, जरा जास्तच. चाखला, मान हलवली आणि सरळ सिंकमध्ये ओतून दिला. ग्राइंड, म्हणजे पूड, जरा जाड केली, परत वजन, परत दाबलं, परत मशीनला लावलं. २९ सेकंद. परत चाखला, आणि मग कुठं माझा कप घेतला हातात.

या दुकानाबद्दल लिहायचं लिहायचं म्हणून वर्ष गेलं. नाव देत नाही, त्यानंच सांगितलंय की टेबलं पाच आणि मशीन एक, आहे ती गर्दी आधी निभावू दे. पण हे सगळं त्या एकाच दुकानाबद्दल नाही खरंतर. गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात, ताराबाई पार्कात, नागाळा पार्कात, अशी छोटी छोटी कॉफीची दुकानं दिसायला लागलीत, ज्यांच्या मागं कुठली मोठी कंपनी नाही, ज्याचं दुकान तोच गल्ल्यावर, तोच मशीनवर आणि रात्री फरशी पुसायलाही तोच. मला या माणसांचं मनापासून कौतुक आहे आणि ते का आहे हे एकदा नीट लिहून काढायचं होतं.

मी शिरोलीला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं भट्टीतलं लोखंड ओतायच्या आधी सॅम्पल काढतात, कार्बन किती, सिलिकॉन किती, टेंपरेचर १३८० च्या आसपास आहे का, आणि एखादा आकडा इकडचा तिकडं झाला की कास्टिंग वरनं चांगलं दिसतं आणि मशीनिंगला गेल्यावर आतनं भोकं निघतात, म्हणजे तोवर दहा जणांची मेहनत पाण्यात. त्यामुळं गिऱ्हाईक दारात उभं असताना, एवढ्या पावसात दुसरं कोण येणारही नसताना, मनाला पटला नाही म्हणून पहिला शॉट ओतून देणारा माणूस मला लगेच ओळखीचा वाटतो. आमच्या शॉपमध्ये जुने मेल्टर असतात ना, भट्टीतल्या रंगावरनं सांगतात की अजून नको, थांब, त्यांच्याच जातकुळीतला.

पण मूळ गोष्ट त्याच्याही आधीची आहे, ती दुधाची.

ज्यांनी कोल्हापूर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं दूध कट्टा असतो. गंगावेशीत रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात, आपण जाऊन उभं राहायचं, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसासकट कोमट ग्लास हातात देतो. आजोबा तालमीतले, ते मला शनिवारी रात्री घेऊन जायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, ग्लास दोन्ही हातांनी धरायला लागायचा आणि फेस नाकाला लागायचा. आजोबा गवळ्याच्या हाताकडं बघत उभे राहायचे, म्हशीला नावानं हाक मारायचे, आणि ग्लास संपल्यावर ठरलेलं वाक्य, "डोळ्यादेखत काढलंय, ह्यात कोण खोट काढंल?" आमच्या गावाचा स्वभावच आहे हा. मटण घेताना समोर तोडायला लावतात, मसाला दळायला डंकावर स्वतः उभं राहतात, भडंगला फोडणी द्यायची असली तरी बाई म्हणते थांबा माझ्यासमोर करा. जे समोर होतं त्यावर विश्वास.

आणि या छोट्या दुकानात कॉफी समोर होते. मला या सगळ्यातलं काय आवडतं असं कोण विचारलं तर एवढंच सांगेन मी.

घरात आमच्या कॉफी म्हणजे बाटलीतली पावडर, भरपूर दूध, साखर आणि वरनं किसलेलं जायफळ. बहुतेक मराठी घरात अशीच. दहावीला रात्री अकराला आई कप आणून टेबलावर ठेवायची आणि जाताना ट्यूबलाइटभोवतीचे किडे हाकलायची. ती कॉफी मला अजूनही प्रिय आहे, तिला नावं ठेवून ब्लॅक कॉफीची तारीफ करणाऱ्यांतला मी नाही. पण त्या कॉफीत कॉफी कुठली होती हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. चहाचं पण तेच म्हणा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची आसामची चहापत्ती आपण पिढ्यान्‌पिढ्या उकळतोय आणि कॉफी पिकते ती निपाणीवरनं सरळ खाली गेलं की, एका दिवसाच्या गाडीच्या वाटेवर, शेजारच्या राज्यात, आणि तिच्याशी आपली ओळख नाही. देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, कोडगू, चिक्कमगळूर, हासन. आमचं जाणं-येणं, सोयरीक सगळं तिकडं, बेळगाव-हुबळीला तर आम्ही जेवायला जातो, पण कॉफी मात्र मधल्या मधे राहून गेली.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा या दुकानात गेलो ते मित्राची वाट बघायला. मेनूकार्डावर काय कळलं नाही म्हणून म्हटलं तुम्हाला आवडती ती द्या. त्यानं काउंटरवर काचेचं भांडं ठेवलं, त्यावर शंकूसारखं ते व्ही सिक्स्टी, म्हणजे त्याच्या भिंतींचा कोन साठ अंशाचा म्हणून ते नाव, त्यात कागदी फिल्टर, फिल्टरवर आधी नुसतंच गरम पाणी ओतून कागदाचा वास घालवला. मग १५ ग्रॅम पूड. मग बारीक नळीच्या किटलीनं थोडंसंच पाणी, आणि थांबला.

"आता बघा."

पूड फुगायला लागली. मधनं वर आली, घुमटासारखी, आणि वर बुडबुडे फुटायला लागले. बी भाजताना आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो, भाजल्यानंतर तो कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो, आणि गरम पाणी पडलं की उरलेला एकदम सुटतो. कॉफी ताजी भाजलेली असली तर फुगते. जुनी झाली असली तर पाणी पडल्यावर ओल्या मातीसारखी गप पडून राहते. हे त्यानं सांगितलं आणि मला डोळ्यासमोर गंगावेशीतला ग्लास आला, फेसासकट. तिथं पण फेस बघूनच कळायचं की दूध आत्ताचं आहे.

तीस-चाळीस सेकंद थांबून उरलेलं पाणी त्यानं गोल गोल ओतलं, सगळं मिळून तीनेक मिनिटं. "साखर-दूध पाहिजे तर देतो की, पण आधी दोन घोट तसंच घ्या." घेतले. पहिला घोट नुसता आंबट लागला, खरं सांगतो, वाटलं काय हे. दुसऱ्या घोटाला जिभेच्या मागं काहीतरी लागलं जे मला माहीत होतं पण नाव आठवेना. चौथ्या-पाचव्या घोटाला, कप जरा निवल्यावर, एकदम लागलं. काकवी! गुऱ्हाळावर कढई उतरायच्या आधी पळसाच्या पानावर घेतो ती काकवी. मी मोठ्यानं म्हटलं काकवी, आणि तो काउंटरच्या मागनं असा हसला की जणू त्याचाच पेपर सुटला.

तेव्हापासनं त्या दुकानाच्या फळ्यावर चवी मराठीत लिहिलेल्या असतात. आधी पाकिटावरचं इंग्रजी तसंच उतरवायचा, कॅरॅमल, ब्लॅक करंट, स्टोन फ्रूट. आता फळ्यावर असतं काकवी, भाजलेला शेंगदाणा, मोसंबीची साल, आमसूल, कधी कधी ओली हळद. गिऱ्हाईकं भांडतात त्यावर, आमसूल नाही हो कैरी आहे म्हणतात, एक मावशी म्हणाल्या ही चिंच आहे आणि जुनी चिंच आहे, नव्या चिंचेला असला रंग नसतो चवीला. मला हे लई महत्त्वाचं वाटतं. ब्लॅक करंट मी जन्मात खाल्लेला नाही, त्याच्यासारखी लागते म्हणून कोण सांगितलं तर मला काय कळणार, मी मान डोलावणार आणि मनात म्हणणार हे आपलं काम नव्हं. काकवी म्हटलं की गगनबावड्याकडचा माणूस पण वाद घालायला येतो. कॉफी आपली झाली ती तिथं.

डिसेंबरात आम्ही सहा जण त्याच्याबरोबर चिक्कमगळूरला जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत तरीकेरेवरनं वर, पोचेपर्यंत दुपार कलली. ज्या बागेतनं तो बिया आणतो ती बाग. मला वाटलेलं मळे असतील, ओळीनं झाडं, वर ऊन. तसं काही नाही, जंगलच म्हणायचं ते. वर सिल्व्हर ओक, फणस, त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले आणि खाली सावलीत कॉफी. आपल्याकडची कॉफी जवळजवळ सगळी अशी सावलीतच वाढते. फांदीला बिलगून फळांचे घोस, काही हिरवी, काही पिवळी, काही लालभडक, आणि तोडायची फक्त लाल, एक एक, हातानं. एकाच घोसात तीन रंग असले तर लाल तेवढी घ्यायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत त्याच झाडाला यायचं. तिथल्या एका अक्कानं मला परडी दिली कमरेला बांधायला. तासाभरात परडीचा तळ जेमतेम झाकला, तोवर अक्काची भरून दुसरी सुरू. साधारण सहा किलो फळ तोडलं की सगळं सोलून वाळवून किलोभर हिरवी बी हातात येते, आणि भाजताना त्यातलं वजन आणखी घटतं. मी त्या दिवसापासनं कपात कॉफी उरवलेली नाही.

फळ चावून बघितलं. गोड आहे, गर नावालाच, आणि आत दोन बिया एकमेकींना चिकटून, सपाट बाजू आतल्या अंगाला. एखाद्या फळात दोनाऐवजी एकच बी धरते, ती गोल होते, तिला पीबेरी म्हणतात आणि ती निवडून वेगळी विकतात. बागेच्या मालकांनी अंगणात गूळ घातलेली काळी कॉफी दिली सगळ्यांना, तिकडं म्हणे पूर्वापार तशीच पितात. आम्ही कोल्हापुरातनं गुळाची ढेप नेलेली भेट म्हणून, ती फोडून लगेच त्यांनी दुसरी फेरी केली. 

समोरचे डोंगर दाखवून ते म्हणाले, ते बाबाबुडनगिरी. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी फकीर हजहून परत येताना येमेनच्या मोखा बंदरातनं सात बिया लपवून घेऊन आले आणि या डोंगरात लावल्या अशी कथा आहे, कारण उगवणारी बी देशाबाहेर जाऊ द्यायची नाही असा तिकडं कडक बंदोबस्त असायचा. कथा म्हणून सांगतात, पण तिथं उभं राहून, हातात त्याच मातीतली कॉफी घेऊन ऐकली की अंगावर काटा येतो. आणि ते नुसतं कथेवर थांबलेले नाहीत. त्याच जिल्ह्यात बाळेहोन्नूरला १९२५ पासनं कॉफीचं संशोधन केंद्र आहे, पानावर तांबेरा पडून झाडं जायची म्हणून तिथं नवे वाण तयार केले, सिलेक्शन ७९५ नावाचा वाण १९४० च्या दशकातला आहे आणि तो अजून लोक आवडीनं लावतात. मी ती काकवीवाली कॉफी प्यायलेलो ती हीच. माझ्या कपाला नाव होतं, बाग होती, तोडणारे हात होते, आणि ते सगळं राजारामपुरीत बसून मला कोणी सांगितलं असेल तर या पाच टेबलांच्या दुकानानं.

जुलैत तो एस्प्रेसोला मॉन्सून्ड मलबार वापरतो, ते पण भारी आहे. मंगळूर किनाऱ्यावर पावसाळ्यात मोकळ्या गोदामात बिया पसरून ठेवतात, समुद्राकडनं येणारा ओला वारा त्यांना लागू देतात, बिया फुगतात, फिकट पिवळ्या पडतात आणि आंबटपणा जवळजवळ निघून जातो. पूर्वी शिडाच्या जहाजातनं युरोपला माल जायचा त्याला महिनोन्‌महिने लागायचे, वाटेत दमट हवेनं बिया अशाच व्हायच्या, तिकडच्यांना तीच चव आवडायला लागली, आणि जहाजं जलद झाल्यावर ती चव हरवली म्हणून मग किनाऱ्यावरच मुद्दाम करायला लागले. बाहेर पाऊस पडतोय आणि कपातल्या बीनं मागचा पाऊस पिलेला आहे, हे मला सुचलं तेव्हा मी बायकोला फोन करून सांगितलं.

उद्यमनगरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या कॉफीवाल्याचं मशीन सेकंडहँड घेतलेलं, त्याच्याबरोबर आलेला टॅम्पर, म्हणजे बास्केटमध्ये, मशीनच्या जाळीदार वाटीत, पूड दाबायचा दट्ट्या, हलका आणि व्यासाला कमी. बास्केट नावाला ५८ मिलिमीटरची, आतनं किंचित जास्तच, आणि हा जेमतेम ५७. कडेनं पूड सैल राहायची, नऊ बारच्या प्रेशरनं पाणी आलं की ते सैल जागेतनंच वाट काढायचं, आणि मग शॉट एकीकडं कडू एकीकडं पाणचट. बाहेरनं चांगला टॅम्पर मागवायचा तर पाच-सहा हजार. मी म्हटलं चल माझ्याबरोबर. उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत, चाळीस वर्षं टर्निंग करतायत. काकांनी आधी बास्केट हातात घेतली, व्हर्नियर लावला, तीन ठिकाणी मोजलं, म्हणाले "किती पायजे?" हा म्हणाला ५८.४. "पॉइंट चार? बरं." स्टेनलेसचा राउंड बार चकला लावला, पंधरा मिनिटात फेस काढून, कड मारून, पॉलिश करून हातात दिला. बास्केटमध्ये सोडला तर हवा अडून सावकाश, सुस्कारा सोडल्यासारखा आत गेला. वरची मूठ शेजारच्या सुताराकडनं शिसवीची करून घेतली. पैसे विचारले तर काका म्हणाले पैसे नंतर, आधी हे कशाला वापरतोस ते दाव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला काळं ऑइल तसंच, काका दुकानात हजर. शॉट पडताना वाकून बघत होते, दोन धारा सारख्या पडतायत का. सारख्या पडल्या. तो टॅम्पर आजपण काउंटरवर आहे, मूठ काळीभोर झालीय हाताच्या तेलानं.

लोक म्हणतात दहा रुपयाला चहा मिळतो आणि तिथं १४० रुपये कशाला घालवतोस. घरात पण विचारतात. मी एकदा त्याच्याबरोबर बसून हिशोब केला. चांगली भाजलेली बी किलोला हजार-अकराशे, एका कपाला १८ ग्रॅम म्हणजे वीस रुपयाची नुसती कॉफी, सकाळी सेटिंग लावताना ओतून दिलेले शॉट वेगळे. दूध दहाएक रुपयाचं. मग जागेचं भाडं, दिवसभर तापत ठेवलेल्या मशीनचं लाइटबिल, हाताखालच्या दोन पोरांचा पगार, मशीनचा हप्ता. आणि एक पोरगं दोनशे पानांचं एमपीएससीचं पुस्तक घेऊन एका कपावर चार तास बसतं त्या खुर्चीचं भाडं पण त्याच १४० मध्ये आहे. त्या पोराला मी एकदाही उठवलेलं बघितलेलं नाही. उलट परीक्षा जवळ आली की त्याच्या टेबलावरचा फॅन दुसरीकडं वळवू देत नाही. रोज मला पण परवडत नाही, आठवड्याला दोनदा, पगार झाल्यावर तीनदा. पण चहाशी तुलना करू नका राव. चहाची टपरी मला तेवढीच प्यारी आहे, ती दोन मिनिटाची गाठभेट आहे, आणि इथं बसायला मिळतं.

बसायला मिळतं ही साधी गोष्ट नाही. कॉफीच्या दुकानात माणसं बसतात आणि बोलतात याचं राजांना सुद्धा भ्या वाटलेलं आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६७५ च्या डिसेंबरात सगळी कॉफी हाउसं बंद करायचा हुकूम काढला, लोक तिथं बसून सरकारविरुद्ध बोलतात म्हणून. एवढा ओरडा झाला की हुकूम अमलात यायच्या आधीच मागं घ्यायला लागला. लंडनच्याच एका कॉफी हाउसात जहाजवाले बसायचे, मालाच्या जोखमीचे व्यवहार करायचे, त्या मालकाचं आडनाव लॉइड, आणि आज जगभरात विम्याच्या धंद्यात लॉइड्सचं नाव आहे ते त्या टेबलांवरनं आलंय. आपल्याकडं तर याहून मोठं घडलं. सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढल्या आणि १९५७ पासनं इंडियन कॉफी हाउस स्वतः चालवायला घेतलं. आम्हा कोल्हापूरवाल्यांना सहकार म्हटलं की साखर कारखाना आणि दूध संघ आठवतो, वाढप्यांनी मिळून हॉटेल आपल्या ताब्यात घेतलं हे ऐकून आमचे टर्निंगवाले काका खुर्चीत सरळ होऊन बसले.

उलटं पण अनुभवलंय. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी, शहर आणि नाव दोन्ही राहू दे, मी काउंटरवरच्या पोराला विचारलं बी कुठली आहे. तो बिचारा गडबडला, म्हणाला सर मशीनच करतं, आम्ही बटण दाबतो. चूक त्या पोराची अजिबात नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही, त्याला बाग दाखवायला कोणी नेलेलं नाही. कप हातात घेऊन मी बसलो आणि मला वाईट वाटत राहिलं त्याच्यासाठी. आमच्या दुकानातली दोन्ही पोरं, एक कागलचं आणि एक कसबा बावड्यातलं, बारावीनंतर आलेली, त्यांना झोपेतनं उठवून विचारा, सिलेक्शन ७९५ काय, वॉश्ड म्हणजे काय, नॅचरल म्हणजे काय, फळासकट वाळवली की चव कशी जांभळासारखी होते, सगळं सांगतील. हातात काम आलं आणि त्या कामाची माहिती पण आली.

मध्यंतरी आईला घेऊन गेलो. ती अंबाबाईचं दर्शन करून दमलेली, म्हणाली मला आपली जायफळाची पाहिजे, हे काळं पाणी नको. मला वाटलं आता हा काय म्हणतोय. तो म्हणाला "काकू, उद्या या, करतो." दुसऱ्या दिवशी त्यानं जायफळ आणि बारकी किसणी आणून ठेवलेली, आईसमोर किसलं, कपावर. आईनं हात धरून थांबवलं, "पुरे बाळ, जायफळ चिमटीभरच." आता फळ्यावर खालच्या ओळीला 'काकूंची कॉफी' आहे.

आता दुधाचं राहिलं, त्यासाठीच खरं लिहायला बसलो.

कॅफेत बहुतेक सगळीकडं पिशवीतलं गाईचं दूध वापरतात, त्याचा फेस हलका होतो, काम सोपं होतं. आमच्या माणसाचं म्हणणं, कोल्हापुरात दुकान काढून म्हशीचं दूध वापरायचं नाही म्हणजे काय. वडणग्याकडचे एक गवळी मामा रोज संध्याकाळची धार काढून रात्री कॅन आणून द्यायचे, ते फ्रिजला ठेवायचं, सकाळी वापरायचं. पण म्हशीच्या दुधाला फॅट सात टक्क्याच्या आसपास, कधी वर. स्टीम दिली की फेस चकचकीत व्हायचा, अगदी रेशमासारखा, पण जड, वर चढायचाच नाही, आणि साय जिभेवर बसून कॉफीची चव खाऊन टाकायची. याला सहा महिने लागले. कप लहान केला, २०० मिलिलिटरचा १३० केला. बी जास्त भाजून बघितली. थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची जास्त कडू जात, मिसळून बघितली, कडूपणा दुधाला टक्कर देईल म्हणून. वरची साय काढून बघितली तर चवच गेली. दूध ६० अंशाला थांबवून बघितलं, ६५ ला, ७० ला गेलं की उकळलेला वास यायचा. मी पण रविवारी थर्मामीटर घेऊन बसायचो त्याच्याबरोबर, वहीत आकडे लिहायचो. सुधारत होतं, पण मनाजोगं होत नव्हतं.

गेल्या महिन्यात एका रात्री पावसानं मामा अडकले. इतकी वर्षं दूध घालतायत पण आत बसून कधी काही घेतलेलं नाही, कॅन ठेवायचा आणि निघायचं. त्या रात्री त्यानं जबरदस्तीनं खुर्चीवर बसवलं. "मामा, तुमचंच दूध हाय, बघा तरी काय होतंय त्याचं." मामांनी खुर्ची काउंटरला लावून घेतली आणि बघत बसले. शॉट पडला, पिचरमध्ये दूध घेतलं, वाफ सोडली, पिचरच्या बुडाला हात लावून तो टेंपरेचर बघत होता ते मामांना एकदम पटलं, आचळाला हात लावून गवळ्याला कळतं तसंच ते. कप पुढं ठेवला. मामांनी एक घोट घेतला.

"साखर घातलीस व्हय?"

"न्हाई मामा. दूधच गोड लागतंय, लई तापवलं न्हाई म्हणून."

मामा गप बसून अख्खा कप प्यायले. मिशीला फेस तसाच. मग म्हणाले, "चांगलं हाय. पर साय लई येती तोंडात. कापी मागं पडती."

तो म्हणाला तेच तर मामा, सहा महिने त्यावरच चाललंय, आणि सगळं सांगितलं, कप लहान केला, बी बदलली, रोबस्टा घातली. मी वही दाखवली, तारखेनुसार आकडे. मामांनी वही बघितली नाही. त्यांनी विचारलं, "मग सांजच्या धारंचं कशाला घेतोस?"

आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

"सांजच्याला फॅट जादा लागती रं. सकाळचं दूध जास्त निघतंय आणि पातळ असतंय, रातभर म्हस उभी असती न्हवं. डेरीत कुणाला बी विचार, सकाळची फॅट आणि सांजची फॅट कधी सारखी लागती व्हय." कप उलटा करून बघितला, संपल्याची खात्री केली. "पहाटं साडेपाचला धार काढतो मी. सव्वासहाला आणून देतो. तू शटर कधी उघडतोस?"

"सातला," तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "सहाला उघडतो, मामा."